शिवाररस्ते, मोटर ग्रेडर आणि आपला ऊस

उसाचे बिल हाती पडले म्हणजे आपण सर्वजण तोडणी-वाहतुकीची कपात बारकाईने पाहतो. ती पाहिलीच पाहिजे. परंतु त्या कपातीच्या पोटात आणखी एक कपात दडलेली असते आणि ती कुठेच छापलेली नसते. ती म्हणजे खराब रस्त्याची कपात. ट्रॅक्टर चिखलात रुतला, तो ओढायला दुसरा ट्रॅक्टर लावावा लागला, दोन खेपांच्या जागी एकच खेप झाली, टोळी मोळ्या बांधून नुसती बसून राहिली, की खर्च वाढला म्हणून समजावे. आपल्या राज्यात एफआरपीमधून तोडणी-वाहतूक वजा करून दर दिला जातो आणि हा खर्च सर्वसाधारणपणे सरासरीने धरला जातो. म्हणजे एका शिवारातला रस्ता वाहून गेला तरी त्याचा भार डांबरी रस्त्यालगतच्या सभासदावरही थोडाफार येतोच. ‘माझं रान रस्त्याला लागून आहे, मला काय त्याचं?’ असे म्हणण्याची सोय सहकारात नाही.

दुसरी गोष्ट वजनाची व साखरेची. ऊस तोडल्याबरोबर त्यातील पाणी उडू लागते, वजन घटते. त्याचबरोबर रसातील साखरेचे विघटन होऊन ती ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत बदलू लागते. म्हणून तुटलेला ऊस शक्य तो २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, असे आम्ही नेहमी सांगतो. वजनाची घट सभासदाची, उताऱ्याची घट कारखान्याची, आणि कारखाना आपलाच; तेव्हा दोन्हीकडून नुकसान आपलेच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याचे रान आडवाटेला आहे त्याच्या फडाकडे गाडीवान, ट्रॅक्टरवाला आणि टोळी कुणीच खुशीने वळत नाही. नोंदीप्रमाणे पाळी आली तरी ‘रस्ता नाही’ म्हणून ऊस मागे पडतो, तुरे येतात, पुढे उन्हाळा लागतो. हा सभासद बहुधा दोन-अडीच एकरांचा असतो. त्याचा शेअर आणि मोठ्या बागायतदाराचा शेअर यांत फरक नाही. मग त्याचा ऊस शेवटी का जावा? हा प्रश्न बऱ्याच अंशी रस्त्याचा आहे, आणि रस्त्याचा प्रश्न बऱ्याच अंशी निगेचा आहे. ही निगा कशी घ्यावी, त्यात मोटर ग्रेडर नावाच्या यंत्राचा उपयोग काय, आणि त्यात सभासदांचा वाटा कोणता, हे या लेखात सांगावयाचे आहे.

तेरखेडा भागातील रस्त्यांचे दुखणे

तेरखेडा म्हटले की बाहेरच्या माणसाला फटाके आठवतात. आम्हा शेतकी खात्याच्या लोकांना मात्र आठवतो तो इथला दुहेरी मुलूख. गाव बालाघाटाच्या पठारावर, धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यात. माळावर हाताभर खणले की मुरूम लागतो. ओढ्याकाठी आणि सखल रानात काळी माती. सोलापूर-धुळे महामार्ग गावावरून जातो, त्यामुळे येरमाळा किंवा पारगावच्या बाजूला एकदा डांबरावर चाक लागले की काळजी नाही. काळजी असते ती फडापासून डांबरापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरची. माळावरचा रस्ता खडबडीत असतो पण गाडी निघते. तोच रस्ता उतरून काळ्या रानात शिरला की तिथे चाक बसते.

या वाटा बऱ्याच जुन्या आहेत. काही बैलगाडीच्या पाणंदी, काही १९७२ च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमीवर झालेले मातीचे रस्ते. त्या वेळी त्यांवरून बैलगाडी जात होती. आज दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जातो, म्हणजे वीस टनांच्या आसपास वजन एका वेळी. वजन वाढले, पण रस्त्याची निगा होती तीही कमी झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या जिल्ह्यात जी अतिवृष्टी व पूर झाले त्यात पिके गेली, माती खरवडली गेली, आणि वाटांचेही ओढे झाले. अशा वर्षी हंगाम सुरू झाला तरी फडापर्यंत पोहोचायचे कसे, हाच पहिला प्रश्न असतो. २०२५-२६ चा गाळप हंगाम राज्यात १ नोव्हेंबरला सुरू झाला. म्हणजे परतीचा पाऊस थांबल्यापासून मोळी टाकेपर्यंत रस्ता दुरुस्तीला हातात दिवस किती, याचा अंदाज प्रत्येकाने करावा.

रस्ता वजनाने मोडतो की पाण्याने?

बहुतेक सभासद म्हणतात, ‘ट्रॅक्टरनं रस्त्याची वाट लावली.’ ते अर्धेच खरे आहे. तोच ट्रॅक्टर तेवढ्याच उसासह मार्चमध्ये त्याच रस्त्याने जातो तेव्हा धूळ उडते, पण चाक रुतत नाही. फरक पाण्याचा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, मऊ पडते. वाळली की भेगाळते. मऊ पडलेल्या मातीवर मुरूम टाकला तर चाकाच्या दाबाने मुरूम खाली जातो आणि माती वर येते. ‘रस्त्यानं मुरूम गिळला’ असे आपण म्हणतो ते हेच.

म्हणून रस्त्याचे पहिले काम वजन उचलणे नव्हे, पाणी अंगावरून उतरवणे हे आहे. पाऊस पडला की पाणी दोन्ही कडांना गेले पाहिजे, कडेच्या चरातून पुढे गेले पाहिजे, आणि चरातून ओढ्याला किंवा मोरीला मिळाले पाहिजे. या तीन पायऱ्यांपैकी एकही तुटली तर वरून कितीही मुरूम टाका, दुसऱ्या पावसाळ्यात पहिले पाढे पंचावन्न.

पाणी कडेला जावे म्हणून रस्ता मधे उंच व कडांना उतरता असावा लागतो. इंजिनिअर लोक याला कॅम्बर म्हणतात. आपण त्याला रस्त्याची ‘पाठ’ म्हणू. मुरमाच्या रस्त्याला साधारण चार टक्के उतार पुरतो. हिशेब सोपा आहे. रस्ता चार मीटर रुंद असेल तर मध्यापासून कड दोन मीटर. दोन मीटरला चार टक्के म्हणजे आठ सेंटीमीटर. म्हणजे मध्य हा कडेपेक्षा साधारण चार बोटे उंच असावा. यापेक्षा कमी असला तर पाणी साचून खड्डे पडतात. फार जास्त केला तर ट्रॉली एका बाजूला कलते आणि सगळ्या गाड्या मधूनच चालू लागतात. चार मीटर रुंदी, चार टक्के उतार, चार बोटे उंची, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन कुणालाही हे तपासता येते.

वळणावर मात्र हा नियम लागू नाही. तिथे पाठ ठेवायची नाही. बाहेरची कड उंच व आतली खाली असा एकाच बाजूला उतार द्यायचा. वळणावर मधला उंचवटा तसाच राहिला तर बाहेरच्या बाजूने जाणारी उंच भरलेली ट्रॉली बाहेर झुकते व उलटते. उसाची ट्रॉली उलटते तेव्हा नुकसान उसाचे नसते फक्त. वर किंवा शेजारी माणसे असतात, हे विसरू नये.

मोटर ग्रेडर म्हणजे काय?

आपल्याकडे रान सारखे करायला बैलांची फळी असते, आणि उंचावरची माती सखलात ओढायला केणी असते. मोटर ग्रेडर म्हणजे या दोघींची मोठी, स्वतःच्या इंजिनावर चालणारी बहीण. पुढची व मागची चाके यांच्या मधोमध लांब पोलादी पाते टांगलेले असते. हे पाते साधारण १२ फूट लांब असते. ते वर-खाली होते, तिरके फिरते, एका बाजूला कलते आणि कडेला सरकवताही येते. पुढची व मागची चाके एकमेकांपासून लांब असल्यामुळे पुढचे चाक खड्ड्यात गेले तरी मधले पाते फारसे खाली जात नाही. म्हणून ग्रेडर जसा सलग उतार काढतो तसा जेसीबीच्या बादलीने निघत नाही. जेसीबी उकरण्याचे व भरण्याचे यंत्र आहे. ग्रेडर आकार देण्याचे यंत्र आहे. चर खोदायला जेसीबी बोलवा, रस्त्याला पाठ द्यायला ग्रेडर.

स्वतःच्या इंजिनावर चालणारा असा सलग बांधणीचा ग्रेडर अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीने १९३१ साली आणला. त्याआधी तिकडेही घोड्यांचीच फळी होती. मिसुरी राज्यात डी. वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्याने १८९६ च्या सुमारास लाकडी फळी घोड्यांना जोडून आपल्या घरासमोरचा चिखलाचा रस्ता पाऊस पडून गेल्यावर ओढायला सुरुवात केली. रस्ता वाळल्यावर कडक व गुळगुळीत राहतो असे दिसल्यावर ती पद्धत देशभर पसरली. सांगायचा मुद्दा असा, की हे ज्ञान मूळ शेतकऱ्याचेच आहे. यंत्र नंतर आले. आपल्या देशातही भारत अर्थ मूव्हर्स ही १९६४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी ग्रेडर बनवते.

पात्याची करामत

ग्रेडर आला, चार वेळा वर-खाली फिरला आणि गेला, म्हणजे काम झाले असे नव्हे. काम बरोबर चालले आहे की नाही हे सभासदालाही ओळखता यावे म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिले, वापसा. पेरणीला वापसा लागतो तसाच ग्रेडरलाही लागतो. रस्ता ओला गच्च असेल तर चिखल होतो. कोरडा ठणठणीत असेल तर पाते वरची धूळ फक्त इकडून तिकडे करते आणि दोन दिवसांत ती उडून जाते. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, ही वेळ योग्य. हंगामाच्या मध्यावर काम करावयाचे झाल्यास टँकरने पाणी मारूनच करावे.

दुसरे, पात्याचा कोन व चाल. पाते साधारण ३० ते ४५ अंशांत तिरके ठेवले म्हणजे कापलेला मुरूम पात्यापुढे लोळत-लोळत एका कडेला वरंब्यासारखा निघतो. चाल तासाला ५ ते ८ किलोमीटर, म्हणजे माणूस झपाट्याने चालतो तेवढीच. चालक घाई करू लागला की यंत्र उड्या मारते व रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उमटतात. या लाटांवरून पुढे हंगामभर ट्रॉल्या खडखडत जातात आणि लाटा वाढतच जातात.

तिसरे, खोली. खड्ड्यात सुटा मुरूम लोटून वरून पाते फिरवले तर रस्ता चार दिवस छान दिसतो आणि पाचव्या दिवशी खड्डा त्याच जागी उघडा पडतो. खड्डा कायमचा काढायचा तर त्याच्या तळापर्यंत पृष्ठभाग मोकळा केला पाहिजे. ग्रेडरला त्यासाठी कुळवासारखे दाते जोडता येतात. पण काळ्या रानात मुरमाचा थर पातळ असेल तर दाते खोल घालू नयेत; खालची काळी माती वर आली, की आहे तो मुरूमही वाया गेला.

चौथे, रोलर. मोकळा केलेला मुरूम ओलसर असतानाच दाबला पाहिजे. ग्रेडरच्या मागे रोलर नसेल तर तो सगळा खर्च पहिल्या दहा ट्रॉल्यांच्या चाकाखाली कडेला उडून जातो.

कडेकडे पाहा

आता एका लांबच्या मुलखाचे उदाहरण देतो, कारण आपल्या नेमक्या दुखण्यावर त्यांचा इलाज पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे बीटपासून साखर करणारे कारखाने आहेत. त्यांपैकी अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ साली बीट उत्पादकांनीच विकत घेऊन सहकारी केली. म्हणजे ते आपले जातभाईच. त्यांच्या शेतांमधून जाणारे रस्तेही बरेचसे मुरमासारख्या खडीचे, आणि त्यांची निगा मोटर ग्रेडरने राखतात. हिवाळ्यात तिथे जोराचा बर्फ पडतो. तेव्हा त्याच ग्रेडरच्या कुशीला आणखी एक पाते जोडतात. त्याला तिकडे ‘पंख’ म्हणतात. मधले पाते रस्त्यावरचा बर्फ कडेला सारते, आणि कडेला साचलेला ढीग हा पंख आणखी बाहेर, चराच्या पलीकडे लोटतो. नाही तर प्रत्येक बर्फाला कडेचे ढीग आत-आत सरकत येऊन रस्ता अरुंद होईल आणि पुढच्या बर्फाला जागाच उरणार नाही. आपल्या देशातही झोजिलासारख्या खिंडींत १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना दरवर्षी बर्फ बाजूला सारते, पण ते काम मुख्यतः डोझर व बर्फ कापणाऱ्या यंत्रांचे.

तेरखेड्यात बर्फ पडत नाही, हे खरे. पण कडेला काहीतरी साचते व ते आत-आत सरकत येते, हे मात्र इथेही शंभर टक्के खरे. नांगराच्या तासाची माती, चाकांनी बाहेर फेकलेला मुरूम, गवत, वेचून टाकलेले दगड, पाचट. पाहता-पाहता दोन्ही कडांना हातभर वरंबा तयार होतो. सरी-वरंब्यात पाणी सरीत राहते हे उसाच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तसेच इथे होते. दोन वरंबे आणि मधे रस्ता, म्हणजे रस्त्याचीच सरी झाली. चर शेजारी कोरडा आणि पाणी रस्त्यातून वाहते! आम्ही पाहतो त्या खराब शिवाररस्त्यांत हा दोष पुन्हा पुन्हा आढळतो.

म्हणून ग्रेडरचा पहिला फेरा मधून नव्हे, कडेने घातला पाहिजे. वरंबा कापून त्यातील चांगला मुरूम मधे घ्यायचा, आणि गवताची ढेकळे व माती बाहेर टाकायची. दुसऱ्या कडेला तसेच. मग मधला मुरूम पसरून पाठ द्यायची. शेवटच्या फेऱ्यात कडेला वरंबा राहिला तर काम अपुरे आहे असे समजून चालकाला परत फिरवावे. कडेवर उभे राहून तांब्याभर पाणी रस्त्यात ओता. ते चरात गेले तर काम पास, थांबले तर नापास.

दुसरा धोका याच्या उलट आहे. दर वर्षी मुरूम न टाकता नुसता ग्रेडर फिरवत राहिले तर रस्ता हळूहळू खाली-खाली जातो. रस्ता रानापेक्षा खोल गेला की ती पाणंद राहत नाही, ओढा होतो. अशा ठिकाणी ग्रेडर उपयोगाचा नाही. आधी भराव करून रस्ता वर उचलावा लागतो.

मिनेसोटाच्या बंधूंपेक्षा आपली निकड मोठी आहे, तीही सांगतो. त्यांचे बीट थंडीत उघड्यावर ढीग घालून महिनोन्‌महिने टिकवता येते. आपल्या उसाला तशी सवलत नाही.

थोडा हिशेब

एक किलोमीटर लांब व चार मीटर रुंद रस्त्यावर दहा सेंटीमीटर जाडीचा मुरूम म्हणजे दाबून ४०० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. म्हणजे १४१ ब्रास, आणि दाबल्यावर मुरूम बसतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. यातला एक सेंटीमीटर थर जरी वर्षात कडेला उडून गेला तरी १४ ब्रास मुरूम गेला. ग्रेडर हा उडालेला मुरूम कडेवरून परत मधे आणतो. ही त्याची खरी कमाई.

वेळेचेही पाहू. तासाला ५ किलोमीटर चालीने एका किलोमीटरच्या एका फेऱ्याला १२ मिनिटे. सहा फेरे धरले तर सव्वा तासाच्या आसपास; वळणे, थांबणे धरून दोन तास. म्हणजे यंत्र एकदा शिवारात आले, रस्ता मोकळा मिळाला, तर दिवसात तीन-चार किलोमीटर रस्त्याला पाठ देता येते. पण यंत्र आणण्या-नेण्याचा खर्च मोठा असतो. एकट्याच्या वाटेसाठी ते परवडत नाही. शेजारच्या चार-पाच शिवारांनी एका आठवड्यात काम काढले तरच तो खर्च वाटला जाईल. सहकाराचे तत्त्व इथेही तेच.

मुरूम निवडतानाही पाहावे. नुसता वाळूसारखा सुटा मुरूम बसत नाही. फार चिकण असेल तर पावसात घसरतो. थोडा चिकटपणा असलेला, खडे-बारीक असा मिश्र मुरूम चांगला. तळ्यातला गाळ रानाला सोने आहे पण रस्त्याला विष आहे. तो रस्त्यावर टाकू नये. मुरूम उचलण्यापूर्वी तहसील कार्यालयाची गौण खनिजाची परवानगी घ्यावी, म्हणजे नंतर दंडाची भानगड होत नाही.

‘रस्ता सरकारचा, आम्ही काय करावं?’

हा प्रश्न गटसभेत हमखास विचारला जातो. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग हे सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. त्यांची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावाने तिकडे करावी. शिवारातील पाणंदी व शेतरस्ते यांसाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना आणि ११ नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. त्यात रोजगार हमीच्या कामाची सांगड घालण्यात आली. योजना व नियम बदलत असतात, तरी सध्या कोणत्या योजनेतून काम घेता येईल याची चौकशी ग्रामपंचायतीत व तालुक्याला करावी.

मोठी अडचण निधीपेक्षा हद्दीची असते. गाव नकाशात जुना गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. नकाशात तो भरपूर रुंद दिसतो, जागेवर मात्र दोन्हीकडून नांगर आत येऊन जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढा उरतो. १२ फुटी पाते तिरके केले तरी त्याला फिरायला जागा लागते, चराला वेगळी जागा लागते. जागाच नसेल तर ग्रेडर येऊन करणार काय?

वहिवाटीच्या रस्त्यात कुणी अडथळा केला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रानाला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. कायदा आहे, पण आम्ही सांगू ते असे, की कोर्टकचेरीत दोन हंगाम घालवण्यापेक्षा चार जाणती माणसे मधे घेऊन दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास सोडणे स्वस्त पडते. दोन तासांतल्या उसाचे वजन किती, आणि फडात वाळलेल्या उसाचे किती, याचा हिशेब प्रत्येकाने घरी करावा.

सभासदांनी करावयाची कामे

१) पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, आपल्या बांधालगतचा चर व मोरीचे तोंड मोकळे करावे. हे काम ग्रेडर येण्याची वाट न पाहता फावड्यानेही होते.

२) रानात ट्रॅक्टर उतरवण्यासाठी चरात माती टाकून चर बुजवू नये. तिथे सिमेंटचा नळा बसवून वर भराव करावा. एका ठिकाणी बुजवलेला चर वरच्या दहा जणांचे पाणी रस्त्यावर आणतो.

३) उसाला पाणी देताना दारे सोडून घरी जाऊ नये. रस्त्यालगतच्या फडाचे जादा पाणी रस्त्याच्या पोटात मुरते, आणि भर उन्हाळ्यातही तिथे ट्रॉली बसते. तोडणीच्या आधी रस्त्याकडेच्या सऱ्यांचे पाणी वेळेवर तोडावे.

४) रस्त्याखालून पाइपलाइन न्यायची असेल तर ती मोठ्या नळ्यातून व खोल न्यावी आणि वरचा चर पाणी मारून, थर दाबून भरावा. ग्रेडर येणार त्या दिवशी पाइपच्या जागी खुणेची काठी रोवावी. पाते लागून पाइप फुटला की भांडण होते आणि काम थांबते.

५) हद्दीचे दगड हलवू नयेत, काम सुरू होण्यापूर्वी ते चुन्याने रंगवावेत.

६) रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या व वेड्या बाभळीच्या फांद्या छाटाव्यात. सावलीत रस्ता वाळत नाही आणि ट्रॉलीला फांदी लागून मोळ्या खाली पडतात.

७) पावसानंतर वापसा येईपर्यंत भरलेली ट्रॉली कच्च्या रस्त्यावर घालू नये व घालू देऊ नये. त्या एका खेपेने पाडलेली चाकोरी पुढे हंगामभर छळते.

ग्रेडर मिळेपर्यंत

ग्रेडर मिळाला नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे तिरके पाते पुष्कळ गावांत असते. परतीच्या पावसानंतर वापसा आला की ते २० ते ३० अंश तिरके करून कडेकडून मध्याकडे, हळू चालीने, दोन्ही बाजूंनी तीन-तीन फेरे घालावेत. तेही नसेल तर जड फळी तिरकी बांधून ओढावी. लोखंडी रूळ नसेल तर रिकाम्या ट्रॉलीची चाके प्रत्येक फेऱ्याला थोडी-थोडी सरकवून रस्ता दाबून घ्यावा. ग्रेडरची सर याला येणार नाही. पण रस्त्याची पाठ टिकून राहील आणि पुढे ग्रेडर आला तर त्याचे काम निम्मे होईल. मोडल्यावर बांधण्यापेक्षा मोडण्याआधी सावरणे केव्हाही कमी खर्चाचे.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाची जात, बेणे, खत, पाणी यांवर आपण मेहनत घेता आणि टनेज वाढवता. पण एकरी वाढवलेले ते टन शेवटी त्या एक-दोन किलोमीटर वाटेवरूनच काट्यावर जाणार आहेत. तरी आपापल्या शिवारातील ऊस वाहतुकीच्या वाटा, त्यांतील अडणाऱ्या जागा, बुजलेले चर व मोडक्या मोऱ्या यांची यादी शेजाऱ्यांनी मिळून करावी व परतीचा पाऊस थांबण्यापूर्वीच आपल्या गट कार्यालयात आणून द्यावी. याद्या वेळेवर हाती आल्या म्हणजे कोणत्या शिवाराला यंत्राची गरज आहे, कुठे फावड्याने भागते आणि कुठे ग्रामपंचायतीचा ठराव हवा, हे ठरवून तोडणीचा कार्यक्रम आखता येईल. आडवाटेच्या लहान सभासदाचा ऊस पाळीप्रमाणे निघावा यासाठी हे सहकार्य सर्वांनी करावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग